टीव्हीवर खेळायचा 'कन्सोल' घरी येतोय – अगदी बिगरीपासून समजावून सांगाल का?

सुरंगी
नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, निवृत्त. यंत्रांच्या बाबतीत टीव्हीचा रिमोट आणि मोबाइलवर व्हिडिओ कॉल एवढीच माझी मजल. यंदा गणपतीला लेक-जावई पुण्याहून येताना नातवाचा गेमिंग कन्सोल घेऊन येणार आहेत आणि जाताना तो इथेच ठेवून जाणार. म्हणजे दिवाळीत आणि मे महिन्यात "आजीकडे कंटाळा येतो" हे ऐकायला नको, असा त्यांचा हिशेब. नातू अकरा वर्षांचा आहे.

जावयांना विचारलं तर म्हणाले, "आई, काही नाही हो, एचडीएमआयला लावलं की झालं." यातलं मला 'लावलं' तेवढं कळलं.

तर, हा कॉम्प्युटर असतो का? मोबाइलवर गेम असतातच, मग हे वेगळं कशाला? आमच्या टीव्हीला चालेल का? नेट लागतंच का? वीज किती खातो? पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचं काय असतं ते कोकणातल्यांना सांगायला नको. मला काहीच येत नाही असं धरून लिहा. हसलात तरी चालेल.

खाडीकाठ
ताई, हसायचं काय त्यात. चार वस्तू लक्षात ठेवा: खोका, टीव्ही, हातात धरायचा कंट्रोलर आणि गेम.

पूर्वीचा टेपरेकॉर्डर आठवा. नुसता टेप गात नाही, कॅसेट घालावी लागते, आणि आवाज यायला स्पीकर लागतो. इथे खोका म्हणजे टेप, गेम म्हणजे कॅसेट, टीव्ही म्हणजे स्पीकर. त्या खोक्यालाच कन्सोल म्हणतात. त्याला स्वतःचा पडदा नसतो, म्हणून टीव्ही हवा.

आत असतो तो कॉम्प्युटरच. प्रोसेसर, चित्रं काढणारी चिप, साठवणीची जागा, थंड ठेवायला पंखा, सगळं. फरक इतकाच की तो गेम खेळण्यासाठी बांधलेला असतो. कंपनी एका मॉडेलचे लाखो खोके एकसारखे बनवते, त्यामुळे गेम बनवणाऱ्याला आत काय आहे ते नेमकं माहीत असतं. कॉम्प्युटरवर "हा गेम माझ्या मशीनवर चालेल का" हा जो घोळ असतो तो इथे नाही. खोक्यावर जे नाव तेच गेमच्या डबीवर असलं की चालणार.

सध्या तीन कंपन्या: सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, निन्टेन्डोचा स्विच. एकाची डिस्क दुसऱ्यात चालत नाही. तुमच्याकडे कुठला येतोय?

बोंबील_फ्राय
नातवाला कोकणात आणायला आता आंबे-फणस पुरत नाहीत हे वाचून डोळे पाणावले.

घाटावरचा
मला हे मुळातच पटत नाही. समुद्र दारात, अंगणात झाडं, आणि मुलाला आणायला यंत्राचं आमिष? आमच्या लहानपणी सुटीत घरात बसलो तर ओरडा मिळायचा. आता घरात बसावं म्हणून मशीन.

लाल_माती
@घाटावरचा, भाद्रपदात पोराला गुहागरच्या समुद्रात पाठवून दाखवा. आमच्याकडे नारळी पौर्णिमेनंतरसुद्धा किती दिवस कोणी पोरांना पाण्यात उतरू देत नाही. बाहेर चिखल, विंचूकाट्याची भीती, सातला काळोख. लांबून लिहायला सोपं आहे.

घाटावरचा
पत्ते आहेत, कॅरम आहे.

बोंबील_फ्राय
पावसाळ्यात आमच्या कॅरमवर सोंगटी सरकत नाही, बोर्डाला पोक येतो. घाटावर या गोष्टी कळत नाहीत. (दिवे घ्या)

चिरेबंदी
कन्सोल म्हटलं की मला नव्वदच्या दशकातली रत्नागिरी दिसते. तेव्हा त्याला आम्ही 'टीव्ही गेम' म्हणायचो. मामाने मुंबईहून आणला होता. वर खाच, तिच्यात पिवळी कॅसेट खुपसायची. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९ इन १'. आत मोजून मूठभर गेम, तेच ते फिरून फिरून येणारे. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा एक. टीव्हीच्या अँटेनाच्या पिनेला वायर लावायची आणि चॅनल फिरवत बसायचं, मुंग्यांतून मारिओ दिसेपर्यंत. दूरदर्शनवर मॅच असली की आबा वायर उपटायचे.

आणि कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर! फुंकर मारली की हमखास चालायची.

दर्यावर्दी
फुंकर +१. आमच्या वाडीत एक मुलगा फक्त फुंकर मारायला बोलवायचे.

पाणचक्की
कुडाळात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करतो, म्हणून राहवत नाही. फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेटच्या आत तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांची टोकं खोक्यातल्या पिनांना टेकली पाहिजेत. टेकली नाहीत की पडदा निळा किंवा राखाडी. तुम्ही कॅसेट काढून फुंकून परत घालायचात, त्यात काढून घालण्यानेच टोकं घासून जागेवर बसायची. श्रेय फुंकरीला. उलट तोंडातली वाफ त्या पट्ट्यांवर बसून त्या गंजायच्या, आणि आपल्याकडे हवा आधीच ओली. साध्या खोडरबराने हलकं पुसलं असतं तर आजही चालली असती.

ते डबे बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. फॅमिकॉम जपानात १९८३ मध्ये आला आणि अमेरिकेत १९८५ मध्ये 'एनईएस' नावाने विकला गेला. मारिओ त्याच वर्षीचा.

चिरेबंदी
@पाणचक्की, माझं बालपण खोडरबराने पुसलंत. बरं, ती बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही तेही सांगा. माळ्यावरून काढून मुलांना दाखवायला गेलो तर एक बदक पडेना.

पाणचक्की
कारण बंदुकीतून काही बाहेर जातच नाही. तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक छोटा भाग असतो. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. डोळ्याला ते जेमतेम लुकलुकल्यासारखं दिसतं. त्याच क्षणी बंदुकीला उजेड दिसला तर बदक पडलं. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र ताबडतोब उमटायचं, म्हणून हे वेळेचं गणित जमायचं. एलईडी टीव्ही चित्र आधी साफसूफ करतो, मग दाखवतो. तेवढ्यात क्षण निघून जातो.

बोंबील_फ्राय
म्हणजे आम्ही बल्बवर बंदूक रोखून बदकं मारायचो ते शास्त्रीय होतं!

पाणचक्की
नाही. असल्या चोरांसाठीच आधी पडदा काळा करतात. काळ्या पडद्यातही उजेड दिसला की नेम चुकला. पण नकली डब्यांत ही तपासणी कच्ची असली तर जमतही असेल.

आज्याचो_झील
आमच्या घराकडे गेल्या गणपतीक मुंबैचो पुतण्यो असोच एक डबो घेवन इलो. डबो बरो, माका काय तेचा वाईट वाटूक नाय. पण आरती सुरू झाली तरी पोरगो उठना नाय. म्हणता, "काका, ऑनलाइन मॅच हा, पॉज होना नाय!" भटजी थांबले, पण ती मॅच थांबूक नाय. ताईनू, ह्या आधी विचारून ठेवा.

लाल_माती
हे खरं आहे हो. नवीन माणसाला सांगायलाच हवं. घरातल्या घरात खेळायचा गेम असेल तर कंट्रोलरवरचं बटण दाबून केव्हाही थांबवता येतो. नेटवरून दुसऱ्या माणसांबरोबर चालू असलेला सामना थांबत नाही, कारण समोर खरी माणसं खेळत असतात. मध्येच उठलं तर आपली बाजू हरते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: ताटं मांडायला घेतली की नवीन सामना सुरू करायचा नाही. "आत्ता बंद कर" म्हणण्यापेक्षा "हा संपला की बंद" म्हटलं तर भांडण कमी होतं.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. आरतीचं ध्यानात ठेवते. आमच्याकडे दीड दिवसाचा नाही, गौरीबरोबर जातात, त्यामुळे आरत्या भरपूर.

लेकीने फोटो पाठवला. पांढरा, उभा, मध्ये काळा, आणि केवढा थोरला! एका बाजूला लांब फट आहे. लेक म्हणते "पीएस फाइव्ह". आमच्या टीव्हीच्या मागे पिवळं-पांढरं-लाल अशी तीन गोल भोकं आहेत आणि शेजारी दोन चपटी. चालेल का? आणि हे 'फाइव्ह' म्हणजे काय?

खाडीकाठ
चपटी भोकं म्हणजेच एचडीएमआय, चित्र आणि आवाज एकाच वायरने टीव्हीत आणायची जागा. चालेल. डिशचा डबा त्यातल्या एकात असेल, कन्सोल दुसऱ्यात. चालू केल्यावर टीव्हीवर 'नो सिग्नल' आलं तर घाबरू नका, रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' लिहिलेलं बटण असतं, ते दाबून एचडीएमआय १ की २ ते निवडायचं. डिशवर परत जायलाही तेच बटण. रिमोट तुम्हाला येतो म्हणालात, म्हणजे निम्मं काम झालं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असला तर तो लावायला सांगा. पाणचक्कींनी सांगितलं तसा टीव्ही चित्र साफ करण्यात वेळ घालवतो, तो या मोडमध्ये कमी घालवतो. बटण दाबलं आणि माणूस लगेच उडाला पाहिजे, नाहीतर नातू टीव्हीला नावं ठेवणार.

फट म्हणजे डिस्क घालायची जागा. हे चांगलं झालं, कारण बिनफटीचेही मिळतात आणि त्यांत सगळं नेटवरूनच विकत घ्यावं लागतं. फट असेल तर प्लेस्टेशन ४ च्या जवळपास सगळ्या डिस्क यात चालतात. मित्राकडून आणता येतात, खेळून झाल्या की विकता येतात.

'फाइव्ह' म्हणजे पाचवी पिढी. पहिला प्लेस्टेशन जपानात १९९४ च्या डिसेंबरात आला, दुसरा २०००, तिसरा २००६, चौथा २०१३, पाचवा २०२० च्या नोव्हेंबरात, आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. दुसरा जगात सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल, पंधरा कोटींच्या वर. डीव्हीडी सिनेमेही लागायचे त्यात, हे एक कारण.

दर्यावर्दी
प्लेस्टेशनची नावं तरी सरळ आहेत. जुना एक्सबॉक्स घ्यायला निघालेल्यांनो, 'एक्सबॉक्स वन' हा पहिला नव्हे! क्रम असा: एक्सबॉक्स (२००१), ३६० (२००५), वन (२०१३), मग सिरीज एक्स आणि एस (२०२०). माझ्या मेहुण्याने 'वन' म्हणजे पुराणवस्तू समजून सोडून दिला आणि ३६० उचलून आणला.

ओटीवरचा
मूळ इतिहासच काढलाय तर, घरच्या टीव्हीला लावायचा पहिला कन्सोल १९७२ चा, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. राल्फ बेअर नावाच्या इंजिनिअरच्या कल्पनेतून निघालेला. त्यात आवाज नव्हता, पडद्यावर फक्त पांढरे ठिपके आणि रेघ. टेनिसचं मैदान दाखवायचं तर त्याचं रंगीत पारदर्शक प्लॅस्टिक टीव्हीच्या काचेवर चिकटवायचं! गुण खेळणाऱ्यांनीच मोजायचे. १९७७ मध्ये अटारी कंपनीचा कन्सोल आला आणि कॅसेट बदलून गेम बदलायची पद्धत घरोघरी गेली.

घाटावरचा
गुण स्वतः मोजायचे, म्हणजे निदान पाढे तरी पक्के होत असतील.

लाल_माती
मोबाइलपेक्षा वेगळं काय, हा ताईंचा प्रश्न राहिलाच. मी आई म्हणून सांगते. मोबाइलवरचे बहुतेक गेम फुकट असतात आणि मग दर दोन मिनिटांनी जाहिरात, नाहीतर "हिरे विकत घ्या". कन्सोलचा गेम एकदा पैसे देऊन घेतला की पूर्ण आपला. गोष्ट असते, सुरुवात-शेवट असतो. मान खाली घालून एकटं बसण्यापेक्षा टीव्हीवर चार माणसांसमोर खेळतो, मुलगा काय बघतोय ते स्वयंपाकघरातूनही दिसतं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

खाडीकाठ
अर्धवट सहमत. कन्सोलवरही पैसे उकळतातच. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची पाकिटं विकत घ्यायला लावतात, आत कोण निघेल ते नशिबावर. शिवाय विकत घेतलेल्या बहुतेक गेममध्ये नेटवर दुसऱ्यांशी खेळायचं तर कंपनीची वर्गणी लागते, प्लेस्टेशनला 'पीएस प्लस'. फोर्टनाइटसारख्या मुळात फुकट गेमना ती लागत नाही. त्यांची कमाई पोशाख विकून होते.

लाल_माती
बरोबर, म्हणून मुलाचं खातं वेगळं काढायचं. जावयांच्या खात्यावर नातवाला खेळू देऊ नका, त्या खात्यात कार्ड जोडलेलं असतं. मुलाच्या खात्यावर रोज किती वेळ, कुठल्या वयापर्यंतचे गेम, अनोळखी माणसं बोलू शकतात का, खर्च किती (शून्य ठेवा), हे सगळं मोठ्यांना आपल्या फोनवरून ठरवता येतं. डबीवर वयाचा आकडा असतो: ३, ७, १२, १६, १८. अकरा वर्षांच्या मुलाला ७ पर्यंत बिनधास्त, १२ चा आधी बघून. ग्रँड थेफ्ट ऑटोवर १८ आहे आणि तो उगाच नाही. "सगळे मित्र खेळतात" हे उत्तर प्रत्येक घरात मिळतं.

सुरंगी
हे फार उपयोगी. लेकीला जसंच्या तसं पाठवलं. नेटबद्दल कोणी सांगेल का? इथे फायबर आलंय, पण झाड पडलं की गेलं, मग कधी येईल ते गणपतीलाच ठाऊक.

खाडीकाठ
पहिल्यांदा चालू करताना, खातं काढताना आणि गेम उतरवताना नेट लागतं. नंतर एकट्याने किंवा घरातल्या दोघांनी खेळायला बहुतेक गेमना लागत नाही.

पण एक करा: सगळं पुण्यातच उतरवून घ्या. हल्लीचे मोठे गेम ५० ते १०० जीबीचे, काही त्याहून मोठे. ४० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला साडेपाच तास लागतात, तेही मध्ये नेट न तुटता. डिस्क असली तरी सुटका नाही. डिस्कवरचा गेम आधी आतल्या साठवणीत उतरतो, आणि वर कंपनीने नंतर केलेल्या दुरुस्त्या नेटवरून येतात. डिस्क खेळताना आत ठेवावीच लागते, हा गेम तुमचा आहे याचा पुरावा म्हणून. पीएस५ च्या पहिल्या मॉडेलमध्ये जागा ८२५ जीबी, त्यातली बरीच त्याच्या स्वतःच्या कामाला. तेव्हा गेम निवडून आणा.

जावयांना हेही सांगा: सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' नावाची गोष्ट या खोक्यावर चालू ठेवायची. नाहीतर नेट गेलं की डिस्कशिवाय घेतलेले गेम कुलूप दाखवतात, आणि नातवाने डोक्यावर घेतलेलं घर तुम्हाला सावरावं लागेल.

पाणचक्की
आता वीज, माझा विषय. पीएस५ मोठा गेम चालू असताना साधारण २०० वॅट घेतो. टीव्हीचे शंभर धरा. रोज दोन तास खेळलं तर दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला अठरा. फार नाही, गीझर याहून जास्त खातो. एक्सबॉक्स सिरीज एस साधारण ७०-८० वॅटवर भागवतो, आणि स्विच टीव्हीला लावला तरी वीसच्या आतच.

लाईट जाण्याने खोका सहसा मरत नाही, येतानाच्या झटक्याने मरतो. माझ्याकडे येणारे बहुतेक खोके जून आणि ऑक्टोबरचे. म्हणून:

कन्सोलवरचा नारिंगी दिवा म्हणजे बंद नव्हे. तो झोपलेला असतो, आतून काम चालू असतं. त्या वेळी लाईट गेली तर पुढच्या वेळी साठवण तपासत बसतो, आणि गेम जपून ठेवत असताना गेली तर तो जपलेला भाग बिघडू शकतो. इथे असेपर्यंत 'टर्न ऑफ' करून दिवा पूर्ण विझू द्यायचा.

गडगडायला लागलं की प्लग उपटा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि फक्त कन्सोलचा नाही, डिशची वायरसुद्धा टीव्हीच्या डब्यातून काढा. वीज छपरावरच्या छत्रीतून डब्यात, डब्यातून टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआयने कन्सोलमध्ये येते. हे लोकांच्या लक्षात येत नाही, "प्लग तर काढला होता" म्हणत येतात. फायबर काचेची असते, तिच्यातून येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि राउटर ते कन्सोल ही वायर तांब्याची.

कॉम्प्युटरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस (लाईट गेली की थोडा वेळ बॅटरीवर वीज देणारा डबा) लावा. खेळ चालू ठेवायला नाही, जपून ठेवून बंद करायला पाच-सात मिनिटं मिळतात. घरचा इन्व्हर्टर जुना चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर नको, साइन वेव्हचा असेल तर चालेल. आणि अर्थिंग तपासून घ्या. कातळावरच्या घरात जांभ्यात अर्थिंग नीट मिळत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की तर नाहीच.

दर्यावर्दी
तारकर्लीत आमचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या मुलांसाठी हॉलमध्ये एक कन्सोल ठेवलाय. खोक्याला अजून काही झालं नाही, कंट्रोलर मात्र टिकत नाहीत. किनाऱ्यावरून येतात, हाताला वाळू, ती त्या दोन दांड्यांच्या बुडाशी जाते. मग कोणी हात न लावता पडद्यावरचा माणूस आपोआप डावीकडे चालायला लागतो. पहिल्यांदा झालं तेव्हा आमच्या आजीने लिंबू उतरवून टाकलं.

आता पाटी लावलीय: हात धुवा, पुसा, मग खेळा. बांगडा खाऊन आलेल्यांनी दोनदा.

पाणचक्की
याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. दांडीखाली एक पट्टी असते, तिच्यावर सरकणारा संपर्क घासून किंवा घाणीने चुकीचं वाचायला लागतो. लिंबाने जात नाही.

पण सुरंगीताई, माझी खरी काळजी वेगळीच आहे. "जाताना इथेच ठेवून जाणार" हे मला अजिबात आवडलेलं नाही. तुमच्याकडची हवा खारी आणि ओली. गणपतीनंतर तो खोका कव्हर घालून कपाटात गेला आणि मे महिन्यात बाहेर आला, तर एचडीएमआयच्या तोंडाला हिरवा थर, आत मुंग्यांचं घर, पंख्यात जाळी. मधला काळ मुंग्या-झुरळांना पुरेसा असतो. ऊबदार, अंधारी, कोणी हलवत नाही, त्यांना आणखी काय हवं. पालीची अंडीसुद्धा काढलीयत मी.

चालू यंत्र टिकतं. गरम झालं की आतली ओल सुकते. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवलं तर तुमच्या हवेतही वर्षानुवर्षं जाईल. उघड्यावर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, शोकेसच्या काचेआड नको, चालू असताना वर भरतकामाचा रुमाल तर मुळीच नको.

सुरंगी
रुमाल काढून ठेवला होता हो मी! :)

पण आठवड्यातून दोन-तीनदा चालवायचं कोणी? घरात आम्ही दोघंच. ह्यांना बातम्यांतून उठवणं शक्य नाही.

आज्याचो_झील
कोणी म्हणजे? तुमी!

बोंबील_फ्राय
+१. आजी रेकॉर्ड करून ठेवणार, नातू मे महिन्यात ते मोडायला येणार. आमिषाची गरजच नाही.

घाटावरचा
माझा मुद्दा मी सोडलेला नाही. पण आजी खेळणार असतील तर मला अपडेट हवेत.

सुरंगी
चेष्टा करताय की खरंच म्हणताय? मला त्या दोन दांड्या बघूनच गोंधळायला होतं. आणि नातवाचं काही पुसलं गेलं तर?

लाल_माती
खरंच म्हणतोय. डावी दांडी माणसाला चालवते, उजवी आपली नजर फिरवते. नवीन माणसाची अडचण नेहमी उजव्या दांडीची. दोन्ही एकदम जमत नाहीत आणि आपण जमिनीकडे नाहीतर आभाळाकडे बघत भिंतीला धडका देतो. माझ्या सासूबाई चार दिवस आभाळच बघत होत्या. म्हणून सुरुवात अशा गेमपासून करायची ज्यात उजवी दांडी फारशी लागत नाही.

तुमच्या सुदैवाने प्रत्येक पीएस५ मध्ये 'ॲस्ट्रोज प्लेरूम' आधीपासून असतो, फुकट, नेटही नको. एक छोटा रोबो आहे, त्याला उड्या मारायला लावायच्या. तो गेम बनवलाय कंट्रोलर शिकवायलाच. पावसात रोबो भिजला की हातात थेंब पडल्यासारखं थरथरतं. दचकून खाली टाकू नका. पडलात तर जरा मागून परत सुरू होतं, कोणी ओरडत नाही.

ओटीवरचा
मी तरी दोन कंट्रोलर असलेला गेम सुचवीन. आजी-नातू बाजूबाजूला. दुसरा कंट्रोलर सोबत येतोय का विचारा, खोक्याबरोबर एकच मिळतो.

दर्यावर्दी
पीएस५ चा कंट्रोलर मोबाइलच्या टाइप-सी वायरने चार्ज होतो. एक्सबॉक्सचा असता तर पेन्सिल सेल आणायला शृंगारतळी गाठावी लागली असती.

खाडीकाठ
आणि पुसलं जाण्याची भीती नको. जावयांना सांगा, नातवासारखंच तुमचंही वेगळं नाव कन्सोलवर उघडून द्या. चालू केलं की "कोण खेळतंय?" असं विचारतो, तुमच्या नावावर जायचं आणि खालचं, इंग्रजी एक्ससारखी फुली असलेलं बटण दाबायचं. तुमचा खेळ तुमच्या नावावर जपला जातो, नातवाचा त्याच्या. तो चुकूनही हलत नाही.

सुरंगी
लेकीला फोन केला. ती हसत सुटली, मग म्हणाली नाव काय ठेवू. दुसरा कंट्रोलर आहे, यूपीएस जावई आणणार आहेत. ह्यांनी अर्थिंगवाल्याला चतुर्थीच्या आधी बोलावलंय.

@पाणचक्की, डिशची वायर मागे पेचाने आवळलेली आहे, ती रोज काढघाल केली तर चालेल का?

पाणचक्की
रोज नको. गडगडाट असेल तेव्हाच, आणि चार दिवस बाहेरगावी जाल तेव्हा. हाताने सुटते, पक्कड लावू नका. मधली तार वाकली नाही ना तेवढं बघून परत लावा.